वहिनींची पडझडीची वही

चष्म्याच्या काचा घासणाऱ्या आमच्या कारखान्यातला कॉम्प्युटर मी आजारी पाडला, तो निव्वळ प्रेमापोटी. आत काचेची भुकटी साचली होती. मी झाकण उघडलं, मेमरीची पट्टी उपसली, माझ्या नेहमीच्या पिवळ्या फडक्याने, ते ओलं करून, लख्ख पुसली, परत खोचली आणि गोदामात जाऊन साळसूदपणे खोकी मोजू लागलो.

दुसऱ्या दिवसापासून, कुठली काच किती घासायची ते सांगणारा प्रोग्राम कोसळू लागला. तो माझ्या वहिनींनी लिहिलेला. दोन वर्षं, एका हाताने डबा खात. मालक विकतच्या प्रोग्रामवर आधीच भाळलेले. ते कागद घेऊनच आले.

"चूक तुमच्या प्रोग्रामची, एवढं लिहून द्या बाई. सोमवारी नवा बसवू. तुम्ही पूर्वीसारख्या टायपिंगला बसा."

"नाही देणार. आधी सिद्ध करा."

"पडतोय ना तो? आणखी काय सिद्ध करायचं?"

वहिनींनी वही काढली. प्रोग्राम पडला की कधी, कुठे, काय करताना, हे त्या टिपून ठेवत. माझ्या भावाची भांडणंही त्यात तारीखवार असावीत, असा आम्हा घरच्यांना दाट संशय आहे.

"हे मार्चमधलं. चष्म्याचा नंबर शून्य टाकला की पडायचा. दर वेळी, तिथेच. ते माझं पाप, मीच निस्तरलं. आता हे बघा. तेच आकडे, एकदा चालतो, एकदा पडतो. काल तर नुसता उघडताना पडला. एकच चूक इतक्या जागी कशी?"

"म्हणजे चुका पुष्कळ!" मालक खूश.

"असतीलही. बघूया."

वहिनींनी तोच प्रोग्राम, त्याच आकड्यांनी शेजारच्या मशीनवर दिवसभर चालवला. हूं की चूं नाही. मग दोन्ही मशीनच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. उपसताना एका पट्टीवरचं काहीतरी चिमटीत धरून वहीत ठेवलं. तासाभरात शेजारचं मशीन कोसळलं आणि आमचा जुना रोगी ठणठणीत!

"प्रोग्राम दोन्हीकडे माझाच," वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "रोग गेला तो पट्टीबरोबर. आणा कागद, लिहून देते: चूक पट्टीची."

मालकांनी कागद खिशात कोंबला आणि नवी पट्टी मागवायला सांगितली.

"आणि माझी माफी?"

मालक नुसते खोकले. वहिनींनी तेही वेळेसकट टिपलं.

सगळे पांगल्यावर मी खाली मान घालून त्यांच्या टेबलापाशी गेलो. "वहिनी, ती पट्टी... ओल्या फडक्याने मीच पुसली होती."

त्यांनी वहीचं पान माझ्यापुढे धरलं. त्यावर एक पिवळं सूत चिकटवलेलं होतं.

"माहीत आहे भावोजी, पुढच्या वेळी आधी स्वतःच्या डोक्यातली धूळ पुसा."