शाळेची किल्ली गडग्यापलीकडे

केशवराव गुरुजींची आणि माझी पहिली भेट झाली ती पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीच्या वाटेवरच्या या गावी. मी महाडहून सहायक शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. नमस्कार होतो न होतो तोच गुरुजी म्हणाले, "मास्तर, डोळे मिटा आणि शाळेबाहेर पडून दाखवा." मी सरळ खांबावर आदळलो. मुले खदखदून हसली. "धुरात असंच होतं," गुरुजी शांतपणे म्हणाले. आपल्या नशिबी हेडमास्तर अंमळ विक्षिप्तच आले, असे मी मनात म्हटले.

शाळा तेव्हा मारुतीच्या देवळाच्या आवारातल्या धर्मशाळेत भरे. वर गवताचे छप्पर, भिंती कारवीच्या कुडाच्या, भोवती दगड रचून केलेला बुटका गडगा. गुरुजींनी दाराचा अडसर काढून टाकला होता. प्रत्येक मोठ्या मुलाने एका धाकट्याचा हात धरून बाहेर कसे पडायचे, हे ते पाढ्यांसारखे घोटून घेत. गाव हसे, मीही हसे. इतका पुढचा विचार करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आणि तरीही पुढे जे घडले त्याने मी आजही हादरतो.

शिमगा होऊन गेला होता. डोंगरउतारावर भातरोपांच्या जमिनीसाठी पालापाचोळा जाळून राब भाजणे चालू होते आणि गावचे गडी तिकडेच होते. वारा फिरला, जळता पालापाचोळा छपरावर येऊन पडला आणि गवताने पेट घेतला. मोठी मुले शिकवल्याप्रमाणे धाकट्यांना घेऊन माझ्याबरोबर बाहेर पडली. पण आतल्या खोलीतला बिगारीचा वर्ग निघण्याआधीच दारापुढचे छप्पर कोसळले. ती चिमुरडी आणि गुरुजी आत अडकले. मी दाराकडे धावलो, पण आगीने मला पाऊलही टाकू दिले नाही.

शाळेला सर्वांत जवळची घरे ओढ्यापलीकडच्या अस्पृश्य वस्तीतली. साहजिकच तीच माणसे पहिली धावत आली. पुढे धोंडीबा, हातात कुऱ्हाड. मागे बायका, डोक्यावर पाण्याचे हंडे. धावत आली आणि गडग्यापाशी थबकली! देवळाच्या आवारात पाऊल टाकायची त्यांना बंदी होती. मी आ वासून पाहत राहिलो. पाणी होते, कुऱ्हाड होती, माणसे होती. मध्ये होता फक्त एक गुडघाभर गडगा.

त्याहून मोठा धक्का पुढे होता. गावचे खोत तात्या आवारातच उभे होते. ते ओरडले, "धोंड्या, थांब रे तिथंच! देवळाचं आवार हाय. आमचे गडी येतायत!" तात्यांचा सख्खा नातू आत होता. त्यांना ते ठाऊक होते, आणि तरी तोंडातून शब्द गेला तो हाच. अंगात भिनलेली सवय आजोबाच्या काळजाआधी बोलून मोकळी झाली.

कुडामागून मुलांचे रडणे ऐकू येत होते. धोंडीबांनी गडग्याबाहेरून हाक दिली, "गुरुजी, आत येऊ का?"

जळत्या शाळेत शिरण्यासाठी तो माणूस परवानगी मागत होता. ती हाक माझ्या कानांतून आजतागायत गेलेली नाही.

"या! या! मागचा कूड तोडा!" गुरुजींचा आवाज आला. धोंडीबांनी गडग्यावरून उडी टाकली. पाठोपाठ सारी वस्ती आत आली. कूड तुटला, हंडे रिकामे झाले आणि एकेक मूल बाहेर आले. तात्यांचा नातू धोंडीबांच्या खांद्यावर होता. शेवटी गुरुजी आले, उजवा हात भाजलेला. गडग्यापाशी मटकन बसले आणि म्हणाले, "मास्तर, पोरं बाहेर कशी पडतील याचा मी विचार केला. माणसं आत कशी येतील याचा केलाच नाही हो."

त्या धसक्याने मी नोकरी सोडायला निघालो होतो. गुरुजी भाजलेल्या हातावर फडके बांधून माझ्या बिऱ्हाडी पेज घेऊन आले. मी जेवेपर्यंत नुसते बसून राहिले. मी राहिलो, तो त्या पेजेमुळे.

गावाने मात्र तेवढ्यात आवार शुद्ध करायचे काढले. मला वाटले होते, वस्तीचे आभार मानायला मंडळी जमली आहेत! गुरुजी म्हणाले, "तात्या, गोमूत्र शिंपडायचं तर नातवापासून सुरुवात करा. तो धोंडीबांच्या खांद्यावरून आलाय." तात्यांनी मान खाली घातली. गुरुजींविरुद्ध वरपर्यंत अर्ज गेले, ओळखीच्या घरांत त्यांना पाणी मिळेनासे झाले. ते तसूभर हलले नाहीत. नवी शाळा त्यांनी देवळापासून दूर, ओढ्याकाठी उभी करवली. तिला कौले आहेत, समोरासमोर दोन दारे आहेत, दोन्ही बाहेर उघडणारी. कुंपणाला जागोजाग वाट आहे. वस्तीतली मुले आत सर्वांशेजारी बसतात. आणि किल्ली असते धोंडीबांच्या घरी, कारण हाकेला सर्वांत जवळचे घर तेच.

नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी दार उघडले ते धोंडीबांनी. आम्ही सारे अंगणात संकोचून उभे होतो. तात्याही नातवाचा हात धरून होते. कुणीच पुढे होईना. धोंडीबा उंबऱ्यातून म्हणाले, "उभे का ऱ्हायलात? तात्या, आत या." तात्या आत गेले. मी गुरुजींकडे पाहिले, तर ते भाजलेल्या हाताने डोळे पुसत होते.

गुरुजी आज साठीचा उंबरठा ओलांडत आहेत. त्यांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. इतके उदंड, की या तालुक्यात कुणालाही, कुठल्याही दारात "आत येऊ का" असे विचारावे लागणार नाही, तो दिवस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.