बाबांच्या फोनवर येणारे सहा आकडे

आमच्या घरातल्या चौघांच्याही आधार कार्डाला एकच मोबाइल नंबर जोडलेला होता, बाबांचा. गावच्या शाळेत कार्डं काढायला माणसं आली तेव्हा घरात दुसरा फोनच नव्हता, आणि बाबांनी चारही वेळा मोठ्या तोऱ्यात तोच नंबर सांगितला. एका घरात कोणाचं काय वेगळं असतं, असंच तेव्हा सगळ्यांना वाटायचं. मलाही.

मग ताईनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि ती पार नाशिकला गेली. "तिचा विषय या घरात नको," बाबा म्हणाले. आईनं डोळे पुसले, मी कडाकडा भांडले, दोन दिवस जेवले नाही. पण बाबा म्हणजे बाबा. तीन वर्षं विषय निघाला नाही. मी चिखलीला शाळेत शिकवते. जाता-येता एसटीत बसून ताईशी बोलायची, तेवढंच.

एका रविवारी दुपारी तिचाच फोन आला. तिला दिवस गेले होते आणि दवाखान्यातल्या नोंदीसाठी आधार लागत होतं. "बाबाच्या फोनवर ओटीपी येईन. दहा मिनिटांत सांग मले, कसंबी कर."

अंगणात बाबा निंबाखाली बाजेवर पडले होते, फोन छातीवर. उन्हाचे कवडसे त्यांच्या बनियनवर हलत होते, कोंबड्यासुद्धा पेंगत होत्या. मी फोन कानाला लावून उंबऱ्यात उभी. टिंग वाजलं. बाबांनी चष्मा लावला. मेसेजमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात. कोणाचं कार्ड ते त्यांना लगेच कळलं असणार. हा ओटीपी कोणालाही सांगू नका, असंही त्यात लिहिलेलं असतं. बाबांनी तो मोठ्यानं वाचला. माझ्याकडे न पाहता, एकेक आकडा सावकाश, मग परत एकदा. आणि कूस बदलून डोळे मिटले. पलीकडे ताईनं तेच आकडे पुटपुटत टाकले.

मग मला उन्हाळ्याची सुट्टी लागली. अधूनमधून आकडे येत राहिले आणि बाबा मला ऐकू जाईल असे वाचत राहिले. नाव नाही, चौकशी नाही. मला तर रागच यायचा, एवढं वाचता तर दोन शब्द बोलायला काय जातं? रिकाम्या दुपारी ते जुने मेसेज वर-खाली करत पडून राहायचे आणि तंद्रीतच आईला म्हणायचे, "अकराले आला म्हणजे ब्यांकीत असंन. ऊन लय हाये तिकडं." आई भाजी निवडता निवडता हूं म्हणायची. ताई मागच्या गल्लीतच गेलीय आणि आता येईल, असं मलाही घटकाभर वाटायचं.

मी हे ताईला कौतुकानं सांगितलं. "म्हणजे मी कधी कुठं जाते, सारं बाबाले दिसते," ती म्हणाली. "मले नाही आवडत ते." आठ दिवसांच्या आत, सातव्या महिन्याचं पोट घेऊन, ती रांगेत उभी राहिली आणि स्वतःचा नंबर जोडून आली. बरोबरच केलं. मीही तेच केलं असतं. तरी फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

बाबा वाट पाहू लागले. फोन हलवून पाहायचे, बाज ओढत फाटकाजवळ न्यायचे. "रेंज नाही काय वं आज?" तिसऱ्या आठवड्यात मला राहवलं नाही. "तिनं तिचा नंबर जोडला, बाबा. आता इकडं काही येणार नाही."

बाबांनी हातातला फोन हलवायचा थांबवला. "बरं केलं तिनं," म्हणाले. मग चष्मा नीट केला. "सांग मंग तिचा नंबर."

मी सांगू लागले. सातव्या आकड्याला त्यांचं बोट भलतीकडेच पडलं. "थांब, चुकलं," ते म्हणाले. "पह्यल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितला.