सुंदरम्माच्या लेकाची गोळी

महेश्वर सोलापुरात औषधशास्त्राच्या कॉलेजात शिकवायचा आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर स्तनाच्या कॅन्सरची औषधं जुळवत बसायचा. हे काम कसं, तर पंगतीसारखं बघा. बाईच्या अंगात इस्ट्रोजन असतं. ते गाठीतल्या पेशींच्या पाटावर जाऊन बसलं की गाठ फोफावते. म्हणून त्याच्या आधी दुसराच पाहुणा त्या पाटावर बसवायचा. आणि पाहुणाही असा इरसाल हवा, की छातीतला पाट अडवील, पण हाडांना मात्र इस्ट्रोजनसारखाच पोसेल. नऊ वर्षांत महेश्वरनं असे दोनशे पाहुणे घडवले. एकही धड बसला नाही.

त्यातच त्याच्या आईला, सुंदरम्माला, गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी पाच वर्षं रोज एक गोळी लिहून दिली. महेश्वरच्या पाहुण्यांच्याच जातीची, पण दुसऱ्यांनी केलेली आणि जगभर कैक वर्षं चालत आलेली. चिठ्ठी वाचून महेश्वर हरखला. "अव्वा, मी ह्याच गोळीवर काम करतोय की!"

झालं! म्हातारीनं गल्लीभर केलं. "आमच्या महेशानं केलेली गोळी हाय. घरचीच!"

शेजारचा ईरप्पा म्हणाला, "मग आमच्या गुडघ्यालाबी एक करायला सांग की."

सगळे हसले, महेश्वरही हसला. 'गोळी माझी नव्हे' एवढंच तर म्हणायचं होतं. पण दोनशे वेळा हरलेल्या माणसाला ते कौतुक गोड लागलं. तो गप्प राहिला.

तिसऱ्या वर्षी तिची पाठ धरली. तपासणीत कळलं, कॅन्सर मणक्यात उतरलाय. घरी आल्यावर सुंदरम्मानं ज्वारीच्या डब्यात हात घालून गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या काढल्या आणि त्याच्यापुढं ठेवल्या.

"कधीपासनं, अव्वा?"

"दोन वर्सं झाली. अंगातनं नुसत्या वाफा निघायच्या रे. घामानं चोळी भिजायची. म्हटलं, महेशाचं कुटंतरी चुकलंय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"कुणाला? ईरप्पाचं तोंड ठावं हाय न्हवं? गल्लीत लेकाचं नाव घालवू व्हय?"

त्या गोळीनं वाफा यायच्याच होत्या. वर्गात तो दरवर्षी बजावून सांगायचा, पेशंटला हे आधीच सांगून ठेवा म्हणून. घरात सांगायचं राहून गेलं.

"अव्वा, ती गोळी माझी न्हवतीच."

"मंग तुझी कुटली?"

"माझी अजून झालीच न्हाई."

म्हातारी कितीतरी वेळ त्या पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिली. "आदी सांगायचंस की रे. डाक्टरशी भांडले असते मी."

दुसऱ्या दिवशी नवी औषधं आली. महेश्वरनं गोळी आणि पाणी पुढं केलं. तिनं हात आखडता घेतला.

"ही कुणी केलीया?"

"मी न्हाई, अव्वा."

"नक्की न्हवं?"

"नक्की."

"मग दे," ती म्हणाली. त्यानं मान खाली घालून गोळी तिच्या तळव्यावर ठेवली.