पाणकावळ्यांची अंडी

उमेदीची सव्वीस वर्षं पाठीवर पंप बांधून त्यांनी डास मारायची पांढरी पावडर फवारली, म्हणून सगळं गाव त्यांना पंपकाका म्हणायचं. गटारं, गोठे, घरांच्या भिंती, काही सोडलं नाही. "काका, आमच्याकडे जरा जास्तच मारा हं," असं बायका सांगायच्या आणि काकाही हात आखडता घेत नसत. गावातला ताप हटला. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो काही खोटा नव्हता.

निवृत्तीनंतर ते दिवसभर घरात बसून प्रत्येक गोष्टीत नाक खुपसू लागले, तेव्हा बायकोनेच त्यांना तळ्यावर पिटाळलं. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई तिथे आल्या होत्या आणि त्यांना होडी वल्हवायला माणूस हवा होता. तळ्याच्या मधोमध वाळक्या झाडांवर पाणकावळ्यांची घरटी होती. होडी झाडाखाली न्यायची, लांब काठीला बांधलेला आरसा वर धरायचा आणि घरट्यात काय दिसतं ते बाईंना सांगायचं, एवढंच काम.

"किती अंडी?" बाईंनी वही उघडून विचारलं.

"अंडी नाहीत बाई. काहीतरी ओलं आहे, आणि टरफलं."

चौदा घरटी पाहिली, अकरांमध्ये तेच. बाराव्यावर मादी बसलेली होती, मान ताठ ठेवून, काहीच झालं नसल्यासारखी. ती उडाली तेव्हा तिच्या पोटाला टरफलाचा तुकडा चिकटलेला काकांनी पाहिला.

बाईंनी होडीत पडलेलं एक टरफल बोटांत धरलं. ते कागदासारखं वाकलं. "कवच पातळ झालंय. आई उबवायला बसते आणि तिच्याच वजनाने अंडं चेपतं."

"असं कशाने होतं?"

"पाण्यात विष असेल तर. नुसतं पाणी तपासलं तर फारसं सापडायचं नाही. पण ते किड्यांत उतरतं. लहान मासा जन्मभर तेच किडे खातो आणि विष त्याच्या चरबीत साठत जातं, बाहेर पडत नाही. मोठा मासा असे शेकडो लहान मासे गिळतो. शेवटी पाणकावळा. ज्याचा घास मोठा, त्याच्या वाट्याला विषही मोठं. पूर्वी डासांवर एक पांढरी पावडर मारायचे ना, तसलं काहीतरी."

काकांच्या हातातलं वल्हं थांबलं. "ऊन लागलं का?" बाईंनी विचारलं. ते "हो" म्हणाले.

ऊन लागलं नव्हतं. निवृत्तीच्या सात वर्षं आधी त्या पावडरीवर बंदी आली होती आणि गोदामात नऊ पिंपं उरली होती. साहेब म्हणाले, "पुरून टाका कुठेतरी, कागद मी बघतो." काकांनी दोन मजुरांना घेऊन ती तळ्याकाठी, जुन्या पंपघरामागे पुरली. मग अळीमिळी गुपचिळी. साहेब आता हयात नव्हते.

त्या दिवशी घरी आले तर बायको मासा साफ करत होती. तिचा धाकटा भाऊ तळ्यावर जाळं टाकायचा, आणि पहिल्यापासून सर्वात मोठा मासा बहिणीच्या घरी द्यायचा. लेक सातव्या महिन्यात होती, त्यांच्याकडेच राहायला आली होती. आईने तिच्या ताटात पोटाकडची तुकडी वाढली, सर्वात चरबीदार.

"ती नको खाऊ," काका म्हणाले.

"का हो?" बायकोने विचारलं.

लेक हसली आणि खाऊ लागली. काका तिच्या घासांकडे बघत राहिले. किती वर्षं? पिंपं पुरली तेव्हापासून ती हेच मासे खात होती. त्यांनी हात पुढे केला आणि तिचं ताट ओढून घेतलं. मग सगळं सांगितलं. बायको उठली, आणि भांडंभर कालवण तिने परसात खड्डा करून त्यात ओतलं. "बघा," ती म्हणाली, "मीही पुरूनच टाकलं."

सकाळी काकांनी बाईंना पंपघरामागे नेलं. सरकारी माणसं आली, खणलं. पिंपं सापडली. पत्रा गंजून जाळी झालेला होता आणि नऊच्या नऊ रिकामी होती. कुणीतरी म्हणालं, "चला, म्हणजे आत काही नाही." बाईंनी नुसतं तळ्याकडे बोट दाखवलं.

तळ्यावर मासेमारी बंद झाली. मेहुण्याने जाळी गुंडाळून ठेवली आणि बहिणीच्या घराची पायरी चढणं सोडलं. लेकीला मुलगी झाली, ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. काकांनी दोनदा विचारलं, "नक्की ना?" नातीला दूध पाजताना लेक खोलीचं दार लावून घ्यायची. ते साध्या लाजेने असेल, पण काकांना त्या बंद दारासमोर उभं राहवत नसे.

पुढच्या हंगामात ते पुन्हा आरसा धरून उभे राहिले. तीन पिल्लं दिसली. "किती वर्षं लागतील?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "गाळात बसलंय काका. तुमच्यामाझ्या हयातीत नाही."

परतले तर काठावर मेहुणा उभा होता. वर्षभरात पहिल्यांदाच. त्याने होडीची दोरी धरली, ओढून घेतली, पण सोडली नाही.

"भावोजी, एकच सांगा. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"नव्हतं रे. शपथेवर सांगतो."

मेहुण्याने मान डोलावली. काका उतरले नाहीत.

"पण पुरलं त्या जागेवर पुढे कधी एक किडा-मुंगी दिसली नाही," ते म्हणाले. "दरवर्षी जाऊन बघत होतो मी."

मेहुणा दोरी हातात घेऊन तसाच उभा राहिला.