गप्प बसणाऱ्या मॅडम

शेजारच्या मॅडम विद्यापीठात मानसशास्त्र शिकवतात, मनाचे आजारही बघतात आणि रविवारी गोंदियाला घरी असतात. त्या दिवशी मी दारातल्या चपलासुद्धा सरळ लावून ठेवतो. कोण जाणे, त्यावरून काय ओळखतील! "कसं चाललं?" एवढंच विचारतात आणि गप्प बसतात. आपण "बरं आहे" म्हटलं तरी तशाच बघत राहतात. मग माणूस आपसूकच बोलत बोलत आपल्या बीपीच्या गोळ्यांपर्यंत पोचतो.

माझी बायको दर रविवारी त्यांच्या अंगणात जाऊन बसते. हल्ली परत येते ती डोळे पुसत. विचारलं तर म्हणते, "काही नाही." तिथे माझीच केस चालली आहे, असा माझा संशय पक्का झाला. शेवटी मीच गेलो.

"मॅडम, ही तुमच्यापाशी काय सांगून राहिली?"

"ते मी नाही सांगणार, भाऊ. तुम्हाला काय वाटते?"

आणि त्या गप्प बसल्या.

मी सुटलोच. पोरगी लग्न होऊन रायपूरला गेल्यापासून घरात बोलणंच उरलं नाही, मी टीव्ही लावून जेवतो, बायकोला बहुतेक फार एकटं वाटत असेल. मॅडमनी मधे एक शब्दही काढला नव्हता. मग मीच घाबरलो.

"हे तिला सांगू नका जी."

"मी कायले सांगू? तुम्ही सांगा."

त्या दिवशी जेवताना मी टीव्ही बंद केला. बायकोचा घास हातातच राहिला.

"काऊन जी," तिनं विचारलं, "तबेत बरी नाही का?"