परस्पर केलेला त्याग

फेब्रुवारीचा तिसरा शनिवार, दुपारी तीन. ठिकाण डब्लिनजवळच्या ल्यूकनमधले आमचे घर. वर्गणी माणशी पाच युरो, एकूण पंचवीस. हजर आम्ही दोघे, शेजारचे जोडपे आणि डब्लिनला तत्त्वज्ञानात पीएचडी करणारी एक मुलगी. आमच्या वाचनगटाची बैठक होती.

वाचायला होती एक जुनी मराठी कादंबरी, आमच्या आज्यांनी डोळे पुसत वाचलेली. तिच्यातल्या मास्तरला दूरच्या शहरात मोठी जागा मिळते. बायकोचे माहेर तुटेल म्हणून तो परस्पर नकार कळवतो आणि त्याबद्दल कधीच बोलत नाही. तो वारल्यावर तिला ते कळते. शेवटची तीन प्रकरणे माझी राहिली होती. आठवडाभर ऑफिसात पगारपत्रके आणि त्या दिवशी सकाळपासून बाजार, बटाटेवडे.

शेजारी म्हणाला, "याला म्हणतात प्रेम. मी परस्पर साधा टीव्ही आणला, तर दोन दिवस कोणी बोललं नाही माझ्याशी."

"टीव्ही माझ्यासाठी आणला होतास का?" त्याची बायको म्हणाली. "मॅचसाठी आणलास. मोठा आला मास्तर!"

हसणे थांबल्यावर ती मुलगी म्हणाली, "काका, हल्लीचे काही तत्त्वज्ञ याला प्रेम म्हणणार नाहीत. त्यांच्या मते प्रेम म्हणजे नुसती भावना नाही. दोन माणसं आपले निर्णय एकत्र ठेवतात. मग एकट्यानं ठरवायचा हक्क उरत नाही. दुसऱ्याच्या भल्यासाठीसुद्धा."

मला ते पटले. मी म्हणालो, "म्हणजे जॉइंट खातं. दोघांच्या सह्या लागतात."

माझी बायको या बैठकांत सहसा बोलत नाही, चहाचे बघते. त्या दिवशी एकदम म्हणाली, "आपली भारतातली सगळी खाती आयदर ऑर सर्व्हायव्हर आहेत. एकाची सही पुरते. सांगून काय करायचं होतं त्यानं? उपकार दाखवायचे?"

"पण काकू," मुलगी हळूच म्हणाली, "मग दुसरीला कळतं ते सर्व्हायव्हर झाल्यावरच."

बायको कप गोळा करायला उठली. कप अजून भरलेले होते.

ती औषधांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. जानेवारीत तिची अडीच तासांवरच्या कॉर्कमधल्या कारखान्यात विभागप्रमुखाच्या जागेसाठी मुलाखत झाली होती. मी दोनदा विचारले, तिने "बघू" म्हणून सोडून दिले. उत्तर आले नसेल, असे मी धरून चाललो होतो.

मंडळी गेल्यावर ती कप विसळत होती, मी पुसून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात, ठेवत होतो. मी विचारले, "कॉर्कचं काय झालं?"

"मिळाली होती जागा. गुरुवारी नाही म्हणून कळवलं."

"मला न सांगता?"

"पोराची लीव्हिंग सर्टची, शाळेची शेवटची परीक्षा जूनमध्ये. तुझी दुखरी पाठ. दोन घरांचा खर्च. हिशेब तू करतोस तसाच केला मी."

"माझ्याशिवाय केलास."

"तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास. म्हणूनच नाही विचारलं."

"म्हटलं असतं. आणि वर्षभर तोंड पाडून घर सांभाळलं असतं."

"तेच ना."

"पण ते तोंड तू बघितलं असतंस, भांडली असतीस. आता कुणाशी भांडणार?"

 नळ बंद करून ती तिथेच खुर्चीवर बसली.

मला वाटते, त्या मास्तरला लेखकाने उगाच थोर केले. तो दमलेला असावा. विचारायचे म्हणजे बोलणे आले, रुसवे आले, पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगणे आले. त्यापेक्षा मुकाट्याने सोडून देणे कमी कष्टाचे. त्या मुलीचे तत्त्वज्ञान बरोबर आहे, पण दोघांनी मिळून ठरवायला किती ताकद लागते हे त्यात कुठे धरले आहे, मला दिसले नाही. आमच्याकडे त्या संध्याकाळी ती ताकद फारशी नव्हती. तरी आम्ही बोलायला बसलो. तिला ती जागा हवी होती. हे एक वाक्य तिच्या तोंडून यायला पाऊण तास लागला. मला ती जाऊ नये असे वाटत होते, तेही मी सांगितले. मग मुलाला खाली बोलावले. तो म्हणाला, "आय'ल बी ग्रँड, आई, माझं नीट होईल," आणि उरलेला वडा घेऊन वर गेला.

सोमवारी तिने फोन केला. जागा अजून कोणाला दिलेली नव्हती. आठवड्यातून चार दिवस तिकडे, एक दिवस घरून, असे ठरले. मी खूश नव्हतो, आणि ते तिला माहीत होते.

पुढच्या शनिवारी आम्ही दोघे कॉर्कला गेलो, दोन खोल्या नापसंत केल्या, तिसरी घेतली. घरमालकीण निवृत्त शिक्षिका होती. एका महिन्याचे भाडे आणि तेवढीच अनामत, मिळून तेराशे युरो तिला दिले.