एका वड्याची वायर

माझं शिक्षण दुसरी. म्हणजे दुसरीत बसलेलो, पास झालो का ते मास्तरांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही बाळकुमचे, खाडीवरचे. बापानं जाळं विणायला शिकवलं तेवढी एक परीक्षा मी पास. तेव्हा हे जे सांगतोय ते मुलगी शेजारी बसून लिहून घेतेय, सुधारतेय आणि मधूनमधून कपाळाला हात लावतेय, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. खाडीत मासळी उरली नव्हती आणि मी बिल्डिंगींमध्ये वायरी ओढायच्या कामाला लागलेलो. तिथून कुणीतरी डोंबिवलीच्या एका मॅडमकडे पाठवलं. स्टेशनपासून दहा मिनिटांवर एका खोलीचं ऑफिस, दोन डिप्लोमावाली पोरं, एक टेबल आणि मॅडम. कारखान्यांचे टेलिफोन बोर्ड, फॅक्स, आणि नुकत्याच आलेल्या कॉम्प्युटरच्या लायनी, यांची सगळी देखभाल त्या वर्षाच्या बोलीवर घ्यायच्या.

मॅडमनी विचारलं, "तुम्हाला काय काय येतं?"

मी मागं वळून बघितलं. म्हटलं कोण आलं? आयुष्यात मला कुणी तुम्ही म्हटलेलं नव्हतं. घरी लग्नात भटजीनं सुद्धा "ए, पाटावर बस" म्हटलेलं.

"वायर ओढतो," मी बोललो. "आणि जाळं शिवतो."

"जाळ्याचं काम आपल्याकडे नाही," मॅडम म्हणाल्या. "पण उद्यापासून या."

त्यांचं एक म्हणणं होतं, ते मला फार आवडायचं. बिघडल्यावर धावतो तो मेकॅनिक, आपण बिघडायच्या आधी जायचं. आपण कुलूप विकत नाही, राखण करतो. कुणाचा फोन कुणी चोरून ऐकू नये, कुणाच्या कॉम्प्युटरचा कागद दुसऱ्याच्या हातात पडू नये, म्हणून त्या महिन्यातून एकदा प्रत्येक कारखान्यात जाऊन बोर्ड उघडून बघायच्या. साडीचा पदर खोचून शिडीच्या घोड्यावर चढायच्या, तोंडात स्क्रूड्रायव्हर. मी खाली घोडा धरून उभा. माझ्या कामात हेच काम मला बिनचूक जमायचं.

बाकीची कामं कशी जमायची ते सांगतो. एका कारखान्यात मॅडम म्हणाल्या, हा मोडेम, याच्यातून कॉम्प्युटर फोनवरून मुंबईच्या ऑफिसशी बोलतो. मला वाटलं गंमत करतात. त्या चहाला गेल्या आणि मी त्याच लायनीवरचा फोन उचलला. आतून असा आवाज, जसा कोंबडा चिरडला दारात. मी घाबरून ओरडलो, "हॅलो! हॅलो! कोण मरतंय?" तिकडं मुंबईला चाललेला अर्ध्या तासाचा हिशोब तुटला. मॅडम आल्या, म्हणाल्या, "तो बोलत असताना मध्ये कुणी रिसीव्हर उचलला की तो तुटतो. लक्षात ठेवा." बास. शिवी नाही. मला शिवीची सवय, तुम्ही-आम्ही करून सांगितलं की दोन दिवस जेवण जायचं नाही.

दुसरं म्हणजे मला वाचता येत नसल्यामुळे वायरींवर लावायच्या चिठ्ठ्यांचा उपयोग नव्हता. पोरं चिठ्ठी चिकटवून काळी टेप मारायची. मी आपली गाठ मारायचो. जाळं सांधताना आम्ही मारतो ती, शेपूट दोनदा फिरवून आत घेतलेली. सुटत नाही, सरकत नाही. पोरं हसायची, "खाडीवाले, वायर ओढताय का बोंबील पकडताय?"

आता मुख्य कारखाना. एमआयडीसीतलं एक केमिकल युनिट, वासावरून रस्ता सापडेल असं. तिथं टेलिफोन बोर्डावर एक ताई बसायच्या. बारा वर्षं त्याच खुर्चीत. "नमस्कार, बोला" असं म्हणायच्या की समोरच्याला वाटावं आपली वाटच बघत होत्या. आवाज एकदा ऐकला की विसरायच्या नाहीत. मी चार महिन्यांनी बाहेरून फोन केला, नुसता "अं" म्हणालो, तर म्हणाल्या, "काय खाडीवाले, आज काय तोडलंत?" डब्यात काही बरं असलं की एक वाटी माझ्यासाठी बाजूला. त्यांच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आलेला, घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. पण हे मला दुसऱ्याकडून कळलं, त्या बोलायच्या नाहीत.

एके दिवशी मॅडमना तिथून बोलावणं आलं. शेठ लाल झालेले. तीन वेळा असं झालेलं की शेठनी गिऱ्हाईकाला फोनवर मालाचा भाव सांगितला आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या युनिटनं त्याच गिऱ्हाईकाला थोडा खाली भाव दिला.

"बोर्डावर कोण बसतं? कान कुणाचे?" शेठ म्हणाले. "बाईंना सोमवारपासून घरी बसवतोय."

ताई दारातच उभ्या होत्या. बोर्डावर दिवा लागला तशा परत गेल्या आणि "नमस्कार, बोला" म्हणाल्या. आवाज तस्साच. मला ते बघवेना.

मॅडम म्हणाल्या, "शेठ, भावाचे फोन तुम्ही कुठून करता?"

"माझ्या डायरेक्ट लायनीवरून."

"ती बोर्डातून जात नाही. मग ताई ऐकणार कशा?"

"ते मला माहीत नाही. फोनचं खातं त्यांचं. आणि दुसरं, चार वाजता याच लायनीवरून कॉम्प्युटरचा रिपोर्ट जातो मुंबईला, तो पण रोज तुटतोय. त्या बाईच काहीतरी खटपट करत असणार."

मॅडमनी टेबलावरच्या फोनकडे बघितलं. मग म्हणाल्या, "भाव फुटतात ती लाईन आणि रिपोर्ट तुटतो ती लाईन एकच आहे. मला शनिवारपर्यंत वेळ द्या. तोवर ताईंना काही बोलू नका."

बाहेर आल्यावर मी छाती काढून मॅडमना बोललो, "मॅडम, ज्यानं हे केलंय ना, त्याचे हात तोडले पाहिजेत. बिचारी ताई." हे वाक्य लक्षात ठेवा. मला अजून लक्षात आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी शेठच्या लायनीला काटेवालं मीटर लावलं आणि मला त्याच्यासमोर स्टुलावर बसवलं. "शेठ फोन उचलतील तेव्हा काटा खाली येईल. तो यायलाच पाहिजे. त्यानंतर काय होतं ते मला सांगा. आकडे वाचू नका."

आकडे वाचू नका म्हणाल्या, हा त्यांचा मोठेपणा. मला कुठं येत होते?

शेठनी फोन उचलला, काटा खाली आला. बोलायला लागले, आणि काटा अजून थोडा खाली बसला. शेठ बोलत राहिले, काटा तिथंच. शेठनी ठेवला, काटा वर. असं तीनदा बघितलं.

मी मॅडमना बोललो, "होडीत एक माणूस बसला की होडी दबते. नंतर दुसरा बसला की अजून दबते. ह्या होडीत दुसरा माणूस बसतोय."

मॅडमनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं काहीतरी चुकलं. पण म्हणाल्या, "बरोबर. मला हे आमच्या कॉलेजात अर्धा तास लावून समजावलं होतं." त्या दिवशी मी ठाण्यापर्यंत मान वर करून गेलो. घरी बायको म्हणाली, "काय रं, मान आखडली का?"

शनिवारी मॅडमनी वायर पकडली. शेठच्या केबिनपासून हळूहळू, हातानं चाचपत, एकेक तुकडा. दोन्ही पोरं बोर्डाकडे. शेठ मागे हात बांधून. मी घोडा धरून, घोड्यावर मॅडम. पॅसेजच्या छताची एक फळी त्यांनी सरकवली, बॅटरी आत मारली, आणि तशाच थांबल्या. मग खाली न बघता म्हणाल्या, "तुम्ही जरा वर येता का?"

त्या एक पायरी सरकल्या, मी वर गेलो. छतात शेठच्या वायरीला मधेच एक दुसरी वायर जोडलेली, ती मागे गोडाऊनकडे गेलेली. आणि जोडावर माझी गाठ. शेपूट दोनदा फिरवून आत घेतलेली.

तेव्हा आठवलं. सहा-सात महिन्यांपूर्वी गोडाऊनचा स्टोअरवाला मला म्हणालेला, "शेठ केबिनमध्ये नसले की फोन वाजून वाजून बंद पडतो रे. मला इथं त्याच लायनीवर एक पॅरलल फोन टाकून दे, मी तरी उचलीन." मला काय त्याचं? आमच्या गल्लीत फोन एकाच घरात, त्याच्यावरून चार घरांत मीच वायरी ओढून दिलेल्या. ज्याच्याकडे फोन त्यानं शेजाऱ्याला एक पॅरलल द्यायचा, नाही दिला तर तो कंजूष. मला वाटायचं हा माणुसकीचा भाग आहे. दिली ओढून. त्यानं मला एक कटिंग आणि एक बटाटावडा दिला. चटणीसकट. मॅडमना सांगायचं राहून गेलं, कारण वडा खाल्ल्यावर मी ते काम विसरूनच गेलो.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ही गाठ कुणाची?"

मनात आलं, सांगावं उंदरानं केलं. पण उंदराला ही गाठ येत नाही, आमच्या बाळकुमात पण सगळ्यांना येत नाही. मग वाटलं पळावं. पण मी खाली उतरून पळालो असतो तर घोडा धरायला कुणी नव्हतं, मॅडम पडल्या असत्या. असा मी अडकलो. तेवढ्यात तिकडून ताईंचा आवाज आला, "नमस्कार, बोला." सोमवारी त्या नसणार होत्या आणि आवाजात त्याचा एक कण नव्हता.

मी उतरलो, घोडा धरला, मॅडमना उतरवलं आणि शेठना बोललो, "शेठ, वायर मी ओढली. गोडाऊनसाठी. एका वड्यावर."

शेठला आधी कळेचना. "वडा? कसला वडा?"

"बटाटा," मी बोललो.

सगळे गोडाऊनमध्ये गेले. गोणींच्या मागे टेलिफोन. बोलायच्या बाजूची चकती काढून ठेवलेली, म्हणजे ऐकणाऱ्या स्टोअरवाल्याचा श्वास सुद्धा पलीकडे जाऊ नये. मॅडमनी सांगितलं, शेठनी नंबर फिरवला की या फोनची घंटी बारीक किणकिणते, हा उचलून ऐकतो. चार वाजता कॉम्प्युटर नंबर फिरवतो, तरी किणकिणते, हा उचलतो, आतून कोंबडा ओरडतो, आणि तिकडं रिपोर्ट तुटतो. स्टोअरवाल्याचा साडू समोरच्या युनिटमध्ये. स्टोअरवाल्याला शेठनी त्याच दिवशी काढलं.

मग शेठ माझ्याकडे वळले. "हा माणूस उद्यापासून गेटच्या आत नको."

मॅडम म्हणाल्या, "शेठ, माझ्या माणसानं ओढली म्हणजे माझ्या कंपनीनं ओढली. मी दर महिन्याला बोर्ड तपासते, छत तपासलं नाही. चूक माझी धरा, काम काढून घ्यायचं तर घ्या. पण त्याआधी ताईंची माफी मागा."

एवढं काम गेलं असतं तर आमचं ऑफिस बंद पडायची वेळ आली असती. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. मला कधी असं कुणी पाठीशी घातलेलं नव्हतं, तेसुद्धा माझाच गुन्हा असताना.

शेठला समोर जाऊन बोलायला जड गेलं. केबिनमध्ये गेले, दार लोटलं आणि आतून बोर्डाला फोन लावला. आम्ही बोर्डाजवळच उभे. ताईंनी माफी ऐकून घेतली आणि गोड आवाजात म्हणाल्या, "लाईन जरा क्लिअर नाहीये शेठ, परत बोला."

शेठना परत बोलावं लागलं. लाईन एकदम क्लिअर होती, बोर्डाच्या लायनीवर मी कधी पॅरलल ओढलाच नव्हता.

काम राहिलं. पण मी गेटच्या बाहेर. मॅडमनी मला ऑफिसात बसवलं आणि पहिलं फर्मान काढलं: त्यांना विचारल्याशिवाय एक वीतभर वायर कुणी ओढायची नाही, देव मागायला आला तरी. दुसरं फर्मान ऐकून मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. चिठ्ठ्या सुटतात, टेप कुणीही मारतं. आता आपल्या प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना ही गाठ. गाठ नसलेली वायर दिसली की विचारायचं, उत्तर नाही मिळालं की कापायची.

"पण मॅडम, ही तर चोरीची गाठ," मी बोललो.

"म्हणूनच सापडली ना," त्या म्हणाल्या. "टेप असती तर मी आजही छतातच असते."

मग दोन्ही डिप्लोमावाली पोरं माझ्यासमोर सुतळी घेऊन बसली. बोंबील पकडताय का विचारणारी. एकाचा अंगठाच गाठीत अडकला. मी त्याला "तुम्ही" म्हणून सांगितलं, मुद्दाम. मॅडम स्वतः पण शिकल्या, दुसऱ्या खेपेला जमली. मला लहानपणी पंधरा दिवस लागलेले, बापाच्या टपल्या धरून.

महिन्यानं त्या कारखान्याच्या सगळ्या लायनींना गाठी मारायची वेळ आली. पोरांच्या गाठी सरकत होत्या. शेवटी मॅडमनी शेठना सांगितलं असणार, कारण मला जायला सांगितलं. गेटवर वॉचमननं अडवलं. "तुझं नाव बंदच्या यादीत आहे." मी म्हटलं, वाचता येत नाही मला, तू म्हणशील ते. त्यानं आत बोर्डाला फोन लावला, "ताई, तो खाडीवाला आलाय, काय करू?"

रिसीव्हर त्याच्या कानाला, तरी आवाज मला बाहेर ऐकू आला. बारा वर्षांचा तोच आवाज.

"सोडा आत. पण वडा देऊ नका."